आधी स्पीकर, मग प्रोसेसर

गिटारचा प्रोसेसर घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो, "यात अ‍ॅम्प किती आहेत?" दुकानदारही खुशीने आकडा सांगतो: दीडशे, दोनशे, वर शंभरेक इफेक्ट. घरी आल्यावर त्यातले चार वापरात येतात, बाकीच्यांची नावंसुद्धा कोणी वाचत नाही, आणि तरीही आवाज मनासारखा लागत नाही. कारण आवाज ज्यावर ठरतो ती गोष्ट विचारायचीच राहून गेलेली असते. हा आवाज शेवटी बाहेर कशातून पडणार? हेडफोनमधून, कॉम्प्युटरमधून, मंडळाच्या पीएमधून, की घरी आधीच असलेल्या अ‍ॅम्पमधून? म्हणून खालची कृती उलट्या टोकाकडून सुरू होते. आधी स्पीकर, मग यंत्र, आणि यंत्रातले अ‍ॅम्प सगळ्यांत शेवटी.

त्याआधी हे यंत्र करतं काय, ते थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारमधून निघणारा सिग्नल अगदी दुबळा आणि कोरा असतो. त्याला रंग चढतो तो पुढच्या प्रवासात: अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प, टोनची बटणं, पॉवर अ‍ॅम्प, मग बारा इंची स्पीकर, त्याचं लाकडी कॅबिनेट आणि रेकॉर्डिंग असेल तर समोरचा माइक. मॉडेलर, म्हणजे हे यंत्र, ही सगळी साखळी गणिताने उभी करतो. अशा मॉडेलिंग यंत्रांपैकी रोलँडचा व्हीजी-८ हा १९९५ चा. लाइन ६ कंपनीने १९९६ मध्ये मॉडेलिंगवर चालणारा आपला पहिला अ‍ॅम्प काढला आणि १९९८ मध्ये घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा लाल 'पॉड' आणला. अ‍ॅम्पपुढे माइक न लावता घरच्या घरी गिटार रेकॉर्ड करण्याची सवय अनेकांना या पॉडने लावली. पुढे जर्मनीच्या केम्परने खऱ्या अ‍ॅम्पचा 'प्रोफाइल' उचलण्याची रीत आणली. आज फिनलंडच्या न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स आणि फुकट मिळणारं 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर' हे सॉफ्टवेअर तेच काम न्यूरल नेटवर्कने करतात.

यातून दोन जाती झाल्या आणि त्यांतला फरक खरेदीच्या वेळी उपयोगी पडतो. पहिली जात मॉडेलची. यात अ‍ॅम्पचं सर्किटच गणितात मांडलेलं असतं, त्यामुळे गेन, बास, मिडल, ट्रेबल ही बटणं मूळ अ‍ॅम्पसारखीच वागतात. दुसरी जात कॅप्चरची. कोणीतरी खऱ्या अ‍ॅम्पची बटणं एका जागी ठेवून त्यातून चाचणीचा सिग्नल सोडला आणि आलेल्या आवाजाची नक्कल यंत्राला शिकवली. त्या एका जागी नक्कल थक्क करणारी असते. बटण बरंच फिरवलं की मात्र ती मूळ अ‍ॅम्पची बटणं राहत नाहीत, साधा ईक्यू (बास-ट्रेबल कमी-जास्त करणारा) होतो. बटणांशी खेळायची हौस असेल तर मॉडेल घ्या. एकच आवाज लावून वाजवत बसायचं असेल तर कॅप्चर.

पायरी १: आवाज कुठून निघणार?

कागदावर एक ओळ लिहा: पुढचं वर्षभर माझं बहुतेक वाजवणं कुठे होणार आहे? "सगळीकडे" हे उत्तर चालणार नाही.

उत्तर हेडफोन असेल, तर प्रोसेसरच्या बजेटमधला चांगला हिस्सा हेडफोनसाठी बाजूला काढा. वायरचे, स्टुडिओसाठी बनवलेले हेडफोन हवेत. मोबाइलबरोबर येणाऱ्या इअरफोनमध्ये बास मुद्दाम फुगवलेला असतो. त्यावर पॅच (यंत्रात साठवलेली आवाजाची जुळणी) बनवला की तुम्ही नकळत बास कमी करत जाता आणि दुसऱ्या कोणत्याही स्पीकरवर तो पॅच पातळ, टोचरा वाजतो. ब्लूटूथ हेडफोन यात बसतच नाहीत. बोट तारेवर पडल्यानंतर आवाज सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही उशिरा कानात येतो, त्यात ताल धरणं अशक्य.

उत्तर कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग असेल, तर कदाचित प्रोसेसर लागणारच नाही. एक साधा ऑडिओ इंटरफेस आणि सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर फुकट आहे, त्याच्यासाठी लोकांनी बनवलेली हजारो कॅप्चर फुकट आहेत, आणि त्यांतली चांगली कॅप्चर महागड्या यंत्रांच्या तोडीस तोड वाजतात. विद्यार्थ्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

उत्तर स्टेज असेल, ऑर्केस्ट्रा असेल, चर्चमधला बँड असेल, गणेशोत्सवातले कार्यक्रम असतील, तर आवाज मिक्सरमध्ये आणि तिथून पीएच्या स्पीकरमध्ये जाणार. अशा वेळी यंत्रातलं कॅबिनेट सिम्युलेशन चालू हवं, पायाने दाबायची बटणं मजबूत हवीत आणि एक्सएलआर आउटपुट असेल तर उत्तम.

उत्तर घरचा अ‍ॅम्प असेल, तर गोष्ट सगळ्यांत अवघड होते आणि दुकानात ती कोणी सांगत नाही. दहा-पंधरा वॉटच्या सरावाच्या अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये प्रोसेसर लावला की मॉडेल केलेला अ‍ॅम्प आणि मॉडेल केलेलं कॅबिनेट पुन्हा खऱ्या प्रीअ‍ॅम्पमधून आणि खऱ्या स्पीकरमधून जातं. अ‍ॅम्पवर अ‍ॅम्प, स्पीकरवर स्पीकर. आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. उपाय असा: अ‍ॅम्पच्या मागे 'इफेक्ट्स रिटर्न' असेल तर प्रोसेसरची केबल तिथे लावा आणि कॅबिनेट सिम्युलेशन बंद करा. रिटर्न नसेल तर अ‍ॅम्प मॉडेलही बंद करा आणि यंत्र फक्त डिले, रिव्हर्ब, कोरससाठी वापरा. घरात चांगला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल आणि तो मोकळेपणाने वाजवता येत असेल, तर मॉडेलर घेऊच नका. एक ड्राइव्ह आणि एक डिले पेडल घ्या, पैसे वाचतील.

आणखी एक रस्ता आहे: सपाट प्रतिसादाचा, पूर्ण पल्ल्याचा स्पीकर. गिटारवाल्यांसाठी तो 'एफआरएफआर' या नावाने विकला जातो. पीएचा आठ किंवा दहा इंची पॉवर्ड स्पीकरही तेच काम करतो. फक्त एक अपेक्षा आधीच सोडून द्या. मॉडेलर तुम्हाला स्टुडिओत माइक लावून रेकॉर्ड केलेल्या अ‍ॅम्पचा आवाज देतो. खोलीत शेजारी उभ्या असलेल्या अ‍ॅम्पचा पोटरीवर आदळणारा वारा देत नाही. पहिल्या आठवड्यातली बरीचशी निराशा या एका गैरसमजातून येते.

पायरी २: यंत्र निवडा

आता बाजाराकडे या. ढोबळपणे तीन मजले आहेत. खालच्या मजल्यावर झूम, न्यूक्स, मूअर, वॅलटन अशा कंपन्यांचे छोटे प्रोसेसर. मधल्यावर बॉसच्या जीटी मालिकेतली मोठी यंत्रं, लाइन ६ चा एचएक्स स्टॉम्प, होटोनचा अ‍ॅम्पेरो. वरच्यावर केम्पर, फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स, लाइन ६ चा हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स. इथे भारतातली किंमत लाखाच्या पुढे जाते. आवाजापुरतं बोलायचं तर खालच्या आणि वरच्या मजल्यातलं अंतर गेल्या काही वर्षांत खूप कमी झालं आहे. वरचे पैसे जातात ते जास्त सॉकेट, मोठा पडदा, पायाखालची जास्त बटणं, आवाज न तुटता पॅच बदलणं आणि दणकट धातूची बांधणी यांसाठी. महिन्यातून चार कार्यक्रम करणाऱ्याला हे पैसे वसूल होतात. घरी वाजवणाऱ्याला होत नाहीत.

कोणत्याही मजल्यावर तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. बाहेरचे आयआर (स्पीकर-कॅबिनेट-माइकचा ठसा साठवलेल्या फाइल, पायरी ६ पाहा) भरता येतात का? यूएसबीवरून ऑडिओ इंटरफेस म्हणून चालतं का? सगळ्या पॅचना एकदम लागू होणारा ग्लोबल ईक्यू आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर ते यंत्र काही वर्षं साथ देईल.

अमेरिकेतल्या भावाकडून किंवा आत्याच्या मुलाकडून यंत्र मागवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी अ‍ॅडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचावीत. "१००-२४० व्होल्ट" लिहिलं असेल तर निर्धास्त राहा. जुन्या पॉड एक्सटीसारख्या यंत्रांना मात्र ९ व्होल्ट एसी देणारा जड ट्रान्सफॉर्मर लागतो. अमेरिकेतला १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातला तर तो जळेल. आणि साध्या पेडलचा ९ व्होल्ट डीसी अ‍ॅडॅप्टर अशा यंत्रात घालू नका. व्होल्टेजचा आकडा जुळला तरी एसी-डीसी जुळत नाही. करंटचंही तसंच. एचएक्स स्टॉम्पला ९ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात, पेडलबोर्डवरच्या साध्या पॉवर सप्लायच्या एका सॉकेटमधून तेवढे मिळत नाहीत.

पायरी ३: दुकानात स्वतः तपासा

मुंबईत धोबी तलावाला फुर्तादोससारखी जुनी दुकानं आहेत, पुण्यात आणि गोव्यातही वाद्यांची चांगली दुकानं आहेत. तिथे जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःचे हेडफोन घेऊन जा. दुकानातली महागडी गिटार आणि दुकानातला मोठा अ‍ॅम्प यांच्यावर काहीही छान वाजतं.

फॅक्टरी पॅच ऐकून मत बनवू नका. ते दुकानात गिऱ्हाइकाला चकित करण्यासाठीच बनवलेले असतात, रिव्हर्ब आणि डिलेने न्हाऊन निघालेले. रिकामा पॅच उघडा, एक अ‍ॅम्प आणि एक कॅबिनेट ठेवा, आणि दोन चाचण्या करा. पहिली: मध्यम डिस्टॉर्शनवर एक कॉर्ड वाजवा आणि गिटारचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणा. आवाज नुसता लहान होता कामा नये, तो स्वच्छही व्हायला हवा. दुसरी: एकच स्वर जोरात छेडून तो विरेपर्यंत कान देऊन ऐका. शेवटी आवाज खरखरत, तुकडे होत संपत असेल तर मॉडेलिंग कच्चं आहे. मग पॅच बदलून पाहा, मध्ये आवाज किती वेळ तुटतो? गाणं चालू असताना ही फट सगळ्यांना ऐकू जाते.

वापरलेलं यंत्र घेत असाल तर याखेरीज प्रत्येक गोल बटण फिरवून पाहा, आकडा उड्या मारतो का. प्रत्येक फूटस्विच दाबा, एकदा दाबल्यावर दोनदा लागत नाही ना. जॅकमध्ये केबल घालून हळूच हलवा. यूएसबी कॉम्प्युटरला जोडून यंत्र ओळखलं जातं का ते बघा. एवढं करू न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

पायरी ४: गिटार आत नीट जाऊ द्या

प्रोसेसरचं इनपुट गिटारसाठीच असतं, तिथे प्रश्न नाही. ऑडिओ इंटरफेस वापरणाऱ्यांनी मात्र 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' लिहिलेलं बटण दाबलंय का ते आधी बघावं. गिटारच्या पिकअपला सुमारे १ मेगाओहमचं इनपुट लागतं. लाइन इनपुटमध्ये लावली की वरचे स्वर मरतात आणि माणूस बिचारा सॉफ्टवेअरला दोष देत बसतो.

मग पातळी. पुलाजवळचा पिकअप निवडा, जेवढ्या जोरात कधी वाजवाल तेवढ्या जोरात वाजवा, आणि लाल दिवा लागत नाही इतपत गेन ठेवा. आकड्यात सांगायचं तर सगळ्यांत उंच टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान असावं. अनेक सॉफ्टवेअर स्वतःच्या माहितीपुस्तिकेत ठरावीक इनपुट पातळी सांगतात, तिथे त्यांचंच ऐका. मॉडेलला खऱ्या अ‍ॅम्पमध्ये जाईल तेवढाच सिग्नल अपेक्षित असतो. जास्त पाठवला की क्लीन आवाजसुद्धा फाटतो, कमी पाठवला की सगळं मिळमिळीत.

गुणगुण येत असेल तर यंत्राकडे वळण्याआधी गिटारची केबल उपटून बघा. गुणगुण गेली तर तिचा उगम गिटार आणि खोलीत आहे. सिंगल कॉइल पिकअप असेल तर जागच्या जागी फिरा, एका दिशेला ती कमी होईल. एलईडी दिवे, पंख्याचा रेग्युलेटर, मॉनिटर हे नेहमीचे संशयित. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज स्वच्छ झाला तर दोष अर्थिंगचा आहे. नॉइज गेट हा शेवटचा उपाय. आधीच लावला तर गुणगुणीबरोबर विरणारे स्वरही कापतो.

पायरी ५: उशीर मोजा

हे फक्त कॉम्प्युटरवाल्यांसाठी. सॉफ्टवेअर आवाजाचे नमुने गठ्ठ्याने हाताळतं, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८,००० च्या सॅम्पल रेटवर १२८ चा बफर म्हणजे एका बाजूने सुमारे २.७ मिलिसेकंद. जाणं, येणं आणि ड्रायव्हरचा थोडा वेळ धरून एकूण दहाच्या आत राहिलं तर वाजवताना जाणवत नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्यामुळे १० मिलिसेकंद म्हणजे अ‍ॅम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवणं. स्टेजवर आपण तेवढे लांब असतोच. विंडोजवर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर वापरा. वाजवताना १२८ किंवा ६४ ठेवा, मिक्सिंग करताना बफर वाढवा. कटकट आवाज यायला लागले तर कॉम्प्युटर दमला आहे, एक पायरी वर जा.

पायरी ६: कोऱ्या पॅचपासून आवाज बनवा

रिकामा पॅच उघडा. त्यात अ‍ॅम्प आणि कॅबिनेट, बाकी काही नाही. रिव्हर्बसुद्धा नाही.

अ‍ॅम्पची यादी लांबलचक असली तरी तिच्या मुळाशी चार-पाच घराणी आहेत. फेंडर ट्विन रिव्हर्बचं क्लीन, ज्यावर कोरस आणि आर्पेजिओ खुलतात. व्हॉक्स एसी३० चं किणकिणतं, जरासं फाटणारं रिदम. मार्शलचा प्लेक्सी आणि जेसीएम ८००, म्हणजे रॉकचा कणा. मेसा बूगीचा रेक्टिफायर, हेवी मेटलसाठी. ट्रेडमार्कमुळे यंत्रात ही नावं सरळ दिसत नाहीत. हेलिक्समध्ये व्हॉक्स 'एसेक्स' होतो, मार्शल 'ब्रिट' होतो, मेसा 'कॅली' होतो. प्रत्येक कंपनी माहितीपुस्तिकेत किंवा साइटवर मूळ अ‍ॅम्पचा इशारा देते, तो पाहून ठेवा. यांपैकी एक घराणं निवडा, सगळी बटणं बाराच्या काट्यावर आणा आणि गेन तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा.

गेनबद्दल जरा थांबून सांगायला हवं. रेकॉर्डवर ऐकू येणारी ती भिंतीसारखी जाड गिटार बहुतेक वेळा एक नसते. दोन किंवा चार वेळा वाजवून डावी-उजवीकडे पसरलेली असते. ती जाडी एका गिटारमधून काढायला लोक गेन वाढवत नेतात आणि आवाज जाड होण्याऐवजी चिखल होतो. कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू यायला हवी. ती येईना की गेन उतरवा.

आता अ‍ॅम्पला हात न लावता कॅबिनेट बदला. या पायरीवर जेवढा वेळ घालवाल तेवढा कमी. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० या स्पीकरचा कागदावरचा पल्ला ७० ते ५००० हर्ट्‌झ आहे. त्याच्या वरचं तो जवळजवळ गिळूनच टाकतो. डिस्टॉर्शनची सगळी कर्कश खरखर नेमकी त्याच्या वर असते, म्हणून कॅबिनेट सिम्युलेशन बंद राहिलं की गिटार कानाशी गांधीलमाशी घोंगावल्यासारखी वाजते. स्पीकर, कॅबिनेट आणि माइक या तिघांचा मिळून जो ठसा एका फाइलमध्ये साठवतात तो इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर. अ‍ॅम्प बदलून जेवढा फरक पडतो त्यापेक्षा आयआर बदलून जास्त पडतो. बटणं फिरवून हाती न लागलेला आवाज अनेकदा दुसऱ्या आयआरमध्ये आयता मिळतो.

आयआरच्या फाइलच्या नावात माइक आणि त्याची जागा लिहिलेली असते. शुअरचा एसएम५७ मध्यभाग पुढे आणतो, बँडमध्ये गिटार ऐकू जाते ती त्याच्यामुळे. रॉयरच्या आर-१२१ सारखा रिबन माइक मऊ आणि जाड वाजतो. माइक स्पीकरच्या मधोमध असेल तर आवाज धारदार, कडेकडे सरकला की काळोखा. पाच-सहा आयआर बाजूला काढा, त्यांच्यावर एकच रिफ वाजवा आणि एक ठेवा. शंभरांचा साठा करू नका.

मग दोन काटछाटी करा. ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचं लो कटने काढून टाका. सहाव्या तारेचा सैल 'ई' ८२ हर्ट्‌झवर आहे, त्याखाली गिटारचं काही नसतं, तो बास गिटारचा आणि ड्रमचा प्रदेश. वरून ७,००० च्या आसपास हाय कट लावा. एकट्याने ऐकताना आवाज थोडा डब्यातून आल्यासारखा वाटेल. बँडमध्ये तोच बरोबर बसतो.

एवढं जमल्यावर इफेक्ट. वाह, कॉम्प्रेसर आणि ओव्हरड्राइव्ह अ‍ॅम्पच्या आधी. डिले आणि रिव्हर्ब कॅबिनेटनंतर. जास्त गेनचा आवाज आवळून घ्यायचा असेल तर अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमरच्या जातीचा ड्राइव्ह लावा, त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल बरीच वर. खालचा थलथलीतपणा जातो. मेटलवाले वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत.

कॅप्चर वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. काही कॅप्चर फक्त अ‍ॅम्पची असतात, काहींमध्ये कॅबिनेट आणि माइकही आलेला असतो. दुसऱ्या प्रकारावर पुन्हा आयआर लावला की गोधडी पुन्हा अंगावर येते. उतरवून घेताना वर्णन वाचा.

पायरी ७: मोठ्या आवाजात पुन्हा जुळवा

फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. रात्री अकरा वाजता, शेजारी झोपलेले असताना बनवलेल्या पॅचमध्ये म्हणून तुम्ही बास आणि ट्रेबल वाढवून ठेवता, मिडल खणून काढता. तोच पॅच पीएवर गेला की बास गडगडतो, ट्रेबल कानात घुसतो आणि मिडल नसल्यामुळे गिटार गायबच होते. गायक, कीबोर्ड आणि ढोलक यांच्या गर्दीत गिटारची ओळख मिडलमध्येच असते.

म्हणून घरी बनवलेला पॅच हा कच्चा खर्डा समजा. तासभर जॅमरूम घ्या आणि बँड वाजत असतानाच मिडल आणि बास पुन्हा जुळवा. इथे लूपरचा उपयोग करा: अ‍ॅम्पच्या आधी लूपर ठेवून एक रिफ रेकॉर्ड करा, ती फिरत राहू द्या, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ऐका. हात मोकळे राहतात आणि कान श्रोत्याच्या जागी येतात.

पॅचच्या पातळ्याही तेव्हाच जुळवा. डिस्टॉर्शनचा आवाज मीटरवर तेवढाच दिसला तरी दबलेला असतो, क्लीन मात्र उसळी मारतो. मीटरपेक्षा कानावर विश्वास ठेवा. सोलोचा पॅच रिदमपेक्षा ३ डेसिबलने वर असला की पुरे. एका कार्यक्रमाला क्लीन, हलका ड्राइव्ह, जड रिदम आणि सोलो असे चार आवाज भागतात. यंत्रात स्नॅपशॉट किंवा सीनची सोय असेल तर चारही एकाच पॅचमध्ये बसवा, मधली फट नाहीशी होते.

पायरी ८: स्टेजवर

साउंडवाल्याला एकच केबल द्या आणि ती कोणत्या पातळीची आहे ते सांगा. एक्सएलआर आउटपुट असेल तर सरळ, नसेल तर मधे डीआय बॉक्स (साधी केबल मिक्सरच्या माइक इनपुटला जुळवून देणारी डबी). बहुतेक मंडपांत आणि सभागृहांत पीए मोनोच असतो. घरी हेडफोनवर डावी-उजवीकडे पसरलेला रुंद डिले मोनोत एकत्र आला की कधीकधी स्वतःलाच खोडून काढतो आणि गिटार पोकळ होते. डावी, म्हणजे मोनो लिहिलेली सॉकेटच वापरा आणि पॅच घरीच मोनोत ऐकून घ्या. मिक्सरवरचा तुमच्या चॅनलचा ईक्यू सरळ ठेवायची विनंती करा. सभागृहच घुमत असेल तर स्वतःच्या ग्लोबल ईक्यूमधून बास उतरवा, एकेका पॅचला हात लावू नका.

पीएला जोडल्यावर घुंऽऽ सुरू झालं तर तो ग्राउंड लूप. डीआय बॉक्सवरचं 'ग्राउंड लिफ्ट' दाबा. प्लगची अर्थची पिन तोडून हा आवाज घालवणारे महाभाग अजून भेटतात. जनरेटरवर चालणाऱ्या, पावसाने ओल्या झालेल्या मंडपात गिटारच्या तारांना हात आणि माइकला ओठ लागलेले असताना ती पिनच तुमचा जीव वाचवते. तिला हात लावू नका.

जनरेटर मध्येच बसला तर मोठं यंत्र पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतं. छोटा यूपीएस सोबत असेल तर उत्तम. नाहीतर बॅगेत एक स्वस्त बदली यंत्र ठेवा. बॉस जीटी-१ सारखी काही यंत्रं चार एए सेलवर चालतात, ती अशा वेळी लाखाच्या यंत्रापेक्षा कामाची ठरतात. सगळ्या पॅचचा बॅकअप कॉम्प्युटरवर आणि पेनड्राइव्हवर घ्या. आणि कंपनीने कितीही नवे अ‍ॅम्प देऊ केले तरी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फर्मवेअर अपडेट करू नका.